नौबतचं रक्त

कुणीही घोडं घेऊन आलं की दफेदार आधी त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मालक लगाम धरून अंगणात ताटकळतोय, घोडं फुरफुरतंय, आणि हे आपले दवाखान्याच्या भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून म्हणायचे, "आदी आई सांगा. बाप मंग बघू."

नवखा मालक गोंधळायचा. "अवो, पन जनावर बघा तर खरं!"

"बघितलं की मानूस भुलतंय," दफेदार भिंतीलाच सांगायचे. "तुमी आई सांगा."

मग आई, आईची आई, तिचा बाप, ती कुणाच्या दावणीला होती, कुणी कुणाला विकली, असं सगळं सुरू व्हायचं. मालकाची गाडी बहुधा आजीपाशीच अडायची. पुढचं दफेदारच सांगायचे. "ती म्हंजी मास्तरची काळी घोडी. मागचा डावा पाय पांढरा. लय चावायची. बरुबर?" मालक तोंडात बोट घालून "बरुबर" म्हणाला, की मग कुठे स्वारी वळायची आणि जनावराकडे नीट बघायची.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, पंचक्रोशीतल्या सगळ्या सोयरिकी तोंडपाठ असलेला. कोण कुणाची मावसजाऊ लागते हे त्याला विचारावं. आमच्याकडचा हा माणूस घोड्यांचा होता. चाळीस गावांतल्या घोड्यांच्या सात-सात पिढ्या त्याच्या डोक्यात होत्या, आणि डोक्यावर एक विटका फेटा होता. बाकी संपत्ती म्हणजे गावाबाहेर दीड एकर रान.

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेला स्टॉकमन. म्हणजे जनावरांच्या डॉक्टरचा मदतनीस. परभणी आणि पूर्णा यांच्या मधल्या एका बाजाराच्या गावात माझी पहिली नेमणूक झाली. दोन खोल्यांचा गुरांचा दवाखाना, पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली गुरं अडकवायचा खोडा. डॉक्टरची जागा मी गेलो तेव्हा रिकामी होती आणि मी तिथून निघालो तेव्हाही रिकामीच होती. त्यामुळे लोक मलाच डॉक्टर म्हणत, आणि मीही आधी नको नको म्हणत नंतर त्या नावाला ओ देऊ लागलो होतो.

दवाखान्याच्या मागे पत्र्याच्या तबेल्यात सरकारी वळू घोडा होता. त्याचं नाव नौबत. आजच्या पोरांना नवल वाटेल, पण आमच्या काळ्या रानात पावसाळ्याचे चार महिने बैलगाडी आसापर्यंत रुतायची. पिंगळीच्या स्टेशनावर जाऊन गाडी पकडायची तर घोड्यावर बसूनच जावं लागायचं. भाजीवाले, शाळामास्तर, दूधवाले, सगळ्यांकडे घोडं असायचं. लहान शेतकऱ्याला दुसरा बैल झेपत नसला की तो तण काढायच्या कोळप्याला घोडंच जुंपायचा. म्हणून सरकारने चांगल्या वाणाचा घोडा ठेवला होता, आणि गावोगावचे लोक आपल्या घोड्या त्याच्याकडे घेऊन यायचे. त्या घोड्याला सांभाळायला दफेदार होते.

खरं तर दफेदार हा घोडदळातला हुद्दा, आणि ते दफेदार कधीच नव्हते. त्यांचे वडील निजामाच्या काळात हिंगोलीला घोडदळाच्या तबेल्यात मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, होते, एवढंच. लोकांनी चेष्टेत दफेदार म्हणायला सुरुवात केली आणि यांनी ती बढती मनापासून स्वीकारली. कागदोपत्री ते शिपाई होते. एकदा मी त्यांच्या नोकरीच्या कागदांतला एक रकाना भरत होतो. वडिलांचं नाव त्यांनी सांगितलं. आजोबांचं विचारलं तर बराच वेळ फेट्याखाली खाजवत राहिले.

"न्हाई याद," म्हणाले. "आन् आज्याचं नाव कशाला पायजे? आज्या काय कुनाला इकायचाय?"

माणसांच्या पिढ्या त्यांनी कधीच कुणाला विचारल्या नाहीत. हे मी का सांगतो ते ऐका. मी हजर झालो त्या दिवशी गावातल्या चार जणांनी मला आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर पुढचं विचारायची गरज त्यांना उरली नाही. छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्म घेतला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. दफेदारांनी आडनाव विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "घोड्यावर बसलाव का कधी?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्या गावात आमच्या आळीतल्या माणसाने घोड्यावर बसून वेशीतून गेलेलं चालत नसे."

त्यांनी उठून नौबतला बाहेर काढलं, खोगीर टाकलं, मला वर चढवलं आणि स्वतः लगाम धरून भर बाजारातून मला फिरवून आणलं. मी भीतीने घोड्याची आयाळ घट्ट धरून बसलो होतो. रुबाब वगैरे काही नव्हता. हॉटेलाच्या बाकड्यावरून कुणीतरी विचारलं, "दफेदार, ह्यो कोन बसलाय वर?"

"घोडा सरकारी, मानूस सरकारी," दफेदार म्हणाले. "तुमाला बसायचं आसंल तर अर्ज करा."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. पुढे जे झालं ते सांगताना हे आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

नौबत तांबूस काळसर रंगाचा होता, चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. असा घोडा पंचकल्याणी म्हणून शुभ मानतात. घोडी दाखवायला आणली की दफेदार आधी तिच्या मालकाला नौबतच्या सात पिढ्या ऐकवायचे. मालक म्हणायचा, "दफेदार, घोडी उधळायलीय, उरका." पण ते उरकायचे नाहीत. नात्यात घोडी लावायची नाही हा त्यांचा कडक नियम होता. नौबतच्याच लेकीला कुणी नौबतकडे आणलं तर त्याला आल्या पावली परत पाठवायचे, आणि घोडीची माफी मागायचे. घोडीची, मालकाची नव्हे.

मी आल्यावर त्यांनी हे सगळं माझ्याकडून वहीत उतरवून घेतलं. दुपारी दवाखान्यात शुकशुकाट असायचा. ते लिंबाखाली उकिडवे बसून सांगायचे, मी लिहायचो. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लिहून झालं की मला वाचायला लावायचे आणि कुठे एक पिढी गळली की लगेच हात वर करायचे. जाड पुठ्ठ्याची ती वही म्हणजे त्यांचा जीव होता. पावसात पत्रा गळायला लागला तर आधी वही हलवायचे, मग औषधं.

बहात्तरच्या दुष्काळात माणसांना रेशनवर लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, मिळायची, घोड्याला काहीच नाही. नौबतच्या बरगड्या दिसू लागल्या. दफेदार आपल्या वाट्याची मिलो भिजवून त्याच्यापुढे ठेवायचे आणि तो नाक मुरडायचा. मग हे त्याच्यासमोर मांडी घालून मिलोची भाकरी खायचे. "बघ, मी खायलाव. मला तरी कुठं गोड लागायलीय? खा गुमान." दोन-तीन दिवस हा तमाशा चालला. मी खिडकीतून बघत हसायचो. चौथ्या दिवशी घोड्याने तोंड घातलं, तेव्हा दफेदार मला हाक मारत पळत आले आणि मला सांगताना त्यांना रडू फुटलं. घोडा दुष्काळातून वाचला, आणि त्याच्याबरोबर चाळीस गावांतला त्याचा वंशही.

दुष्काळानंतर पाऊस भरपूर झाला. रानं हिरवी झाली, डबकी तुडुंब भरली. त्याच पावसाळ्याच्या शेवटी एका भाजीवाल्याने आपला चार वर्षांचा घोडा आणला. घोडा खात-पीत होता, डोळे स्वच्छ होते, ताप नव्हता. पण चालताना मागचा भाग असा डोलत होता, की त्याने दारू प्यायली असावी असं वाटावं. मागच्या खुरांची टोकं मातीत ओढत होती. वळवायला गेलं की बसकण मारायचा. या आजाराला आमच्याकडे कमरी म्हणतात. दफेदार नेहमीप्रमाणे पाठ करून उभे होते. आई ऐकून झाली आणि बाप विचारायची गरज नव्हती. तो नौबतचाच मुलगा होता.

आठ दिवसांनी दुसरा आला. दिवाळीच्या आसपास आणखी दोन. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. एक तर दूधवाल्याची घोडी होती, तिला चिखलातून कशीबशी बैलगाडीत घालून आणलं होतं. तिला पुढचे पाय टेकवून कुत्र्यासारखं बसलेलं पाहिलं आणि दफेदार त्या दिवशी घरी जेवायला गेलेच नाहीत. ती नौबतची पहिली मुलगी होती.

माझ्या शिक्षणात कमरीबद्दल दोन ओळी होत्या. मागचा भाग लुळा पडतो, आणि उपाय खात्रीचा नाही. कारण लिहिलं नव्हतं, का मी त्या तासाला झोपलो होतो, कोण जाणे. मी मालिशचं तेल देत राहिलो.

एके दुपारी दफेदारांनी मला वही काढायला सांगितली. आजारी पडलेल्या एकेका घोड्याचं ते सांगत गेले आणि मी पिढी वाचत गेलो. पहिल्याचा बाप नौबत. दुसऱ्याचा नौबत. तिसऱ्याचा आजा नौबत. चौथीचा बाप नौबत. वही संपली तेव्हा ते जमिनीवर काडीने रेघा ओढत होते.

"डाक्टर," ते म्हणाले, "खोट रगतात हाय."

"घाई नको दफेदार. वर विचारू."

"इचारस्तवर आनखी शिंगरं व्हतील. तेबी मोठे झाले की असेच बसतील. लोकाईनं माझ्या शब्दावर घोड्या आनल्या हिथं."

आता इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला लख्ख दिसतं, तुम्हालाही दिसलं असेल. त्या चाळीस गावांत नौबतचं नसलेलं घोडं होतंच कुठे? पंधरा वर्षं तिथे दुसरा सरकारी वळू नव्हता. आजारी पडणारं प्रत्येक जनावर त्याच्याच रक्ताचं निघणार होतं, आणि आजारी न पडलेलंही. पण आम्ही वही उघडून बसलो होतो, आणि वहीत फक्त आई-बाप होते. ते घोडं कुठे बांधलेलं असतं, शेजारी काय असतं, हा रकाना आम्ही कधी आखलाच नव्हता.

मी अहवाल लिहिला. शेवटच्या ओळीत "वंशदोष" असा शब्द लिहिला. तो शब्द लिहिताना आपण काहीतरी शास्त्रीय लिहितोय असं वाटून मला जरा बरंही वाटलं होतं. खोटं का बोलू?

जिल्ह्याहून एक डॉक्टर आले. त्यांना संध्याकाळची परतीची एस.टी. पकडायची होती. अहवाल वाचला, घोड्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाले, "तुमचा दफेदारच म्हणतोय म्हटल्यावर काय." नौबतला दोरांनी आडवं पाडलं. दफेदारांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गुंगीचं औषध चढेपर्यंत ते त्याच्या कानाशी काहीतरी बोलत होते. सात पिढ्यांचा घोडा अर्ध्या तासात खच्ची झाला. डॉक्टरांनी हात धुतले, चहा घेतला, गाडी गाठली.

खच्ची घोडा सरकारला काय कामाचा? लिलाव लावला. एकानेही बोली लावली नाही, कारण घोड्याच्या रक्तात खोट आहे हे स्वतः दफेदारांनीच गावोगाव सांगितलं होतं. शेवटी त्यांनीच तो घेतला आणि आपल्या दीड एकरात कोळप्याला जुंपला.

पण एवढ्यावर ते थांबणारे नव्हते. गावोगावी नौबतचे मुलगे होते, आणि त्यांच्यापासून वंश पुढे चालला असता. दफेदार खांद्यावर दोर टाकून निघाले. मी मागे सायकलवर, पिशवीत शस्त्रं. ते मालकाच्या ओट्यावर बसायचे, पाणी मागायचे आणि सांगायचे, "माझ्या घोड्यानं तुमचं वाटुळं केलं. पुढं तरी व्हवू नये." लोक त्यांच्या शब्दाला मान देत. शिंगरू आडवं पाडलं जायचं आणि मी माझं काम करायचो. किती केली ते मी मोजलं नाही. दफेदारांनी मोजलं असणार. प्रत्येकाच्या नावावर ते वहीत मला फुली मारायला लावायचे.

दोन वर्षांत सगळ्या फुल्या मारून झाल्या, एक सोडून. पोखर्णीच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडे नौबतचा तीन वर्षांचा पंचकल्याणी मुलगा होता, हुबेहूब बापासारखा. शेतकऱ्याने शपथेवर सांगितलं की तो जत्रेत विकला. दफेदारांचा विश्वास बसला नाही. "इकला असता तर मला कळालं असतं," म्हणायचे. त्या एका फुलीसाठी ते बाजारच्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहायचे.

त्या पावसाळ्यात मला परभणीला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पंख्याखाली चाळीस स्टॉकमन, समोर बाहेरगावाहून आलेले एक म्हातारे प्राध्यापक. अकराव्या दिवशी ते घोड्यांच्या आजारांवर आले. कमरीबद्दल बोलताना त्यांनी फळ्यावर आधी बैल काढला, मग डास, मग घोडा. बैलाच्या पोटात दोऱ्यासारखा एक जंत असतो. बैलाला त्याचं काही होत नाही. पावसाळ्यात डास बैलाला चावतो आणि तो जंत घोड्यात नेऊन सोडतो. घोड्याच्या शरीरात त्याला नीट वाट सापडत नाही, तो भरकटतो आणि कधी कधी मणक्यात शिरतो. झालं. घोडा बैलांच्या शेजारी बांधू नका, गोठ्यात धूर करा, डबकी बुजवा.

मी हात वर केला. "सर, हे आई-बापाकडून येतं का?"

"अजिबात नाही," ते म्हणाले. "का?"

"काही नाही," मी म्हणालो आणि खाली बसलो.

ते उरलेले चार दिवस मी कसे काढले ते माझं मलाच माहीत. परत आलो तेव्हा दफेदार एस.टी.च्या थांब्यावरच भेटले. माझी पिशवी हातातून घेतली. "काय शिकवलं डाक्टर तुमाला?" विचारलं. मी म्हणालो, "जुनंच सगळं." उद्या सांगू, असं ठरवलं. मग उद्या बाजार होता. मग त्यांच्या बायकोला ताप होता. मग पोळा आला. रोज संध्याकाळी ते नौबतला पाणी पाजायला नेताना दवाखान्यावरून जायचे, हात वर करून रामराम करायचे, आणि मी खाली वहीत बघत काहीतरी लिहीत असल्याचं सोंग करायचो. सव्वा महिना गेला. मला वाटायचं, आता सांगून काय बदलणार आहे? जे व्हायचं ते होऊन गेलं. ते एक शिंगरू कुठेतरी लपलेलं आहे, हे मी विसरलो नव्हतो. उलट ते लपलेलं आहे म्हणूनच मी निवांत होतो. त्या शेतकऱ्याने ते नीट लपवून ठेवावं, एवढीच माझी इच्छा होती.

एका सकाळी दवाखान्यापुढे गर्दी दिसली. गुरांच्या लसीचा दिवस होता. गर्दीतून दफेदार आले, त्यांच्यामागे तो पोखर्णीकडचा शेतकरी, आणि त्याच्या हातातल्या दोरीला पंचकल्याणी शिंगरू. सासुरवाडीच्या रानात त्याने ते ठेवलं होतं. दफेदारांनी तिथे जाऊन, त्याच्या पाया पडून, त्याला तयार केलं होतं.

"डाक्टर, शेवटचं हाय," दफेदार म्हणाले. त्यांचा चेहरा किती उजळला होता! "हे झालं की सुटलाव मी."

शिंगरू माझ्याकडे बघत होतं. त्याचे चारी पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. आजूबाजूला पन्नास माणसं. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. "दफेदार, जरा आत या," एवढे चार शब्द पुरले असते. मी म्हणालो, "आज हत्यारं उकळलेली नाहीत. लसीची घाई आहे. पुढच्या आठवड्यात आणा."

मला वाटलं, आठवडा मिळाला. संध्याकाळी घरी जाऊन सांगू. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत हा माणूस थांबेल असं मला वाटलं. त्या शेतकऱ्याचं मन उद्या फिरलं तर, या धास्तीने दफेदार शिंगराला तसेच पुढच्या गावी घेऊन गेले. तिथे गावठी पद्धतीने खच्ची करणारा एक माणूस होता. मी शेवटच्या बैलाला लस टोचली तेव्हा तिकडचं काम उरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या रानात गेलो. ते कापसात कोळपं चालवत होते. नौबत पुढे, ते मागे. मला बघून थांबले आणि हसले. "झालं डाक्टर. त्यानंच केलं, बेस केलं. वही आनली का? फुली मारा."

मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. बैल, डास, जंत. 

"म्हंजी रगतात काय बी नव्हतं?"

"नव्हतं."

"बैलापसून दूर बांधा म्हनलं असतं तरी भागलं असतं?"

"हो."

"धूर केला असता तरी?"

"हो, दफेदार."

नौबत कापसाच्या ओळीतलं गवत उपटून खात होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत राहिले. मग विचारलं, "तुमाला कवा कळालं?"

खोटं माझ्या जिभेवर आलं होतं. काल, म्हणणार होतो. पण त्या माणसासमोर ते निघालं नाही. "सव्वा महिना झाला," मी म्हणालो.

त्यांचे ओठ हलले. दिवस मोजत असावेत. मला वाटलं आता शिव्या देतील, कोळप्याचा दांडा घालतील, आणि खरं सांगतो, घातला असता तर मी तो दांडा आनंदाने खाल्ला असता. त्यांनी घोड्याला सोडलं, सावलीत नेऊन बांधलं, परत आले आणि म्हणाले, "उनात बसलाव तुमी. घरी चला. चा घ्या."

मी चहा प्यालो.  त्यांच्या बायकोने साखर जास्त घातली होती, पाहुणा म्हणून.

त्यानंतर दोन दिवसांनी दफेदार नौबतवर बसून निघाले. नोकरीतून मोकळे झाल्याला तेव्हा त्यांना वर्ष होत आलं होतं. वयाने गुडघे गेले होते, पाऊस उघडला नव्हता. मी रस्त्यात आडवा गेलो. "कुठे निघालात?"

"गावं फिरून येतो. सांगाय पायजे लोकाईला."

"आता सांगून काय उपयोग दफेदार? सगळी खच्ची झाली. एकही उरलं नाही."

"ते खरं हाय," ते म्हणाले. "पर त्याला खोटाळ म्हनून सांगितलं म्या घरोघर. ते तसंच कसं ठिवू?"

मी म्हणालो, मीही येतो, सायकल काढतो. त्यांनी मान हलवली. "तुमी दवाखाना बघा. जनावरं येतेत." मला टाळत होते का माझी लाज राखत होते, ते मला तेव्हा कळलं नाही. रस्ता चिखलाचा होता. घोडा सावकाश पाय टाकत पिंगळीच्या अंगाला गेला.

दिवाळीपूर्वी माझी बदली झाली, जिंतूरच्या बाजूला. मी अर्ज करून मागितली होती, हेही सांगून टाकतो. अहवालातला "वंशदोष" खोडायला मी जिल्ह्याला गेलो होतो, पण तिथल्या कारकुनाने मला विचारलं, मेलेल्या योजनेचा कागद कशाला उकरता? तबेला केव्हाच मोडला होता. पुढच्या उन्हाळ्यात कळलं की दफेदार वारले. घोडा त्यांच्या मुलीने पूर्णेकडे नेला. मी मातीला गेलो नाही. कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी पोखर्णीच्या पलीकडे एका खेड्यात मला लसीच्या शिबिराला पाठवलं होतं. काम चालू असताना एक म्हातारा शेतकरी गप्पा मारायला येऊन बसला. त्याच्याकडे आता घोडं नव्हतं, पोराने मोटारसायकल घेतली होती. मी सहज विचारलं, "इकडे एक म्हातारा घोड्यावर बसून आला होता का हो? पावसाळ्यात, बऱ्याच वर्षांपूर्वी?"

"आलता की!" तो म्हणाला. "फेटेवाला. चिखलानं भरल्याला. घोड्यात खोट नव्हती म्हनून सांगाय आलता. म्या म्हनलं, कोन्त्या घोड्यात? आमी तर इसरून बी गेलो व्हतो. तर म्हनला, तुमी एकदा तोंडानं म्हना. म्हनलं बाबा, नव्हती खोट. मंग बायकोला बोलवा म्हनला, पोराईला बोलवा. समद्याईकडून वदवून घेतलं. येडंच व्हतं म्हना, पर रडायलं व्हतं, मंग न्हाई कसं म्हनावं?"

"आणखी काय म्हणाला?"

"म्हनला, चूक माझी एकल्याची. आमच्या डाक्टरनं थांबा म्हनलं व्हतं, म्या आयकलं न्हाई."

खोड्यात पुढचा बैल घातला होता. पोरं मला हाका मारत होती. मी त्या म्हाताऱ्याला सांगू शकलो असतो की तो डॉक्टर मीच. मी "बरं" म्हणालो, सुई भरली आणि बैलाकडे गेलो.